वाळूची परतभेट

काल दुपारी चारच्या सुमारास आमच्या चौदाव्या मजल्यावर वाळू आली. बेल वाजवली नाही, चपला बाहेर काढल्या नाहीत. आधी समोरच्या टॉवरच्या मागचा टॉवर पिवळा होऊन नाहीसा झाला, मग समोरचा. खालून सिक्युरिटीवाल्या ताऊने इंटरकॉमवर कळवलं, "मैडम जी, आँधी आ री सै, खिड़की भेड़ ल्यो." तोवर आई दोरीवरचे कपडे ओढत होती आणि मी बाल्कनीची सरकती काच ढकलत होतो. ती काच शेवटची दोन बोटं कधीच लागत नाही. त्या दोन बोटांच्या फटीतून अर्धं राजस्थान घरात आलं. टीव्हीवर, देवांवर, वरणाच्या झाकणावर. आणि दातांखाली. करकर, करकर.

मे महिना म्हटलं की लोकांना आंबे आठवतात. मला ही करकर आठवते. दहावीची परीक्षा देऊन मी दिल्लीला आलो त्या वर्षीचा मे. तो मे माझ्या दातांतून अजून गेलेला नाही.

आवाज काढणं ही माझी खोड होती, आता नोकरी आहे. गुडगावातल्या एका कॉल सेंटरात मी नव्या पोरांना शिकवतो, की मेरठचा मनोज पंधरा दिवसांत मार्क कसा होतो. जीभ कुठे ठेवायची, 'र' कुठे गिळायचा, हसायचं किती. पोरं चहाच्या सुट्टीत म्हणतात, सर, ताऊ करा ना. मी ताऊ करतो. मग आमचा मॅनेजर करतो, मग मेट्रोच्या खड्ड्यापाशी उभा असणारा पोलीस करतो. बिल्कुल सेम टू सेम, असं म्हणतात. मला कोणाचाही आवाज काढता येतो. फक्त एक येत नाही, आणि तो मी एकाच दिवशी ऐकलाय.

माझे बाबा कोपर्निकस मार्गावरच्या आपल्या राज्याच्या गेस्ट हाऊसमध्ये टेलिफोन ऑपरेटर होते. मुंबईहून आलेल्या साहेबांना मंत्रालयाशी जोडायचं, कोल्हापूरच्या पार्टीला सांगायचं की खोली आहे पण पाणी सकाळीच येतं, असलं सगळं. त्यांचा आवाज निम्म्या महाराष्ट्राला ओळखीचा होता आणि चेहरा कोणालाच नाही. फोन उचलला की ते आधी घसा अगदी हळू साफ करायचे, "हं," आणि मग म्हणायचे, "नमस्कार, गेस्ट हाऊस, बोला." ते 'बोला' ऐकण्यासारखं होतं. ताटात वाढलेला पहिला भात असतो ना, वाफेचा, तसं. माणूस खरंच बोलायला लागायचा. भांडायला फोन केलेले लोक शेवटी आपल्या मुलीच्या लग्नाचं सांगून फोन ठेवायचे, असं आई सांगते.

हे मला आई सांगते, कारण मी तिथे नव्हतो. मी चाळीसगावला होतो, आत्याकडे. बाबांचं मत असं, की दिल्लीत वाढलेल्या पोरांचं मराठी बसून जातं. शेजारच्या मराठी घरातली पोरं 'आई, मला भूख लागली' म्हणताना त्यांनी ऐकली होती आणि ते घाबरले होते. ज्या माणसाची भाकरी आवाजावर, त्याला ते लागलं असणार. म्हणून मला पहिलीपासून दहावीपर्यंत त्यांच्या मोठ्या बहिणीकडे, चाळीसगावला ठेवलं. माझं मराठी शाबूत राहिलं. त्याच्या बदल्यात मला बाबा मिळाले ते रविवारी सकाळी दहा वाजता, गल्लीच्या तोंडाशी असलेल्या मेडिकल स्टोअरच्या फोनवर, तीन मिनिटं.

मी नक्कल करायला शिकलो ती त्याच फोनवर. रविवारी बोलणं झालं की मी घरी येऊन आत्याला पूर्ण फोन परत ऐकवायचो, दोन्ही बाजूंनी. माझी बाजू आणि बाबांची बाजू. आत्याला मोतीबिंदू, वाचता येत नाही, मेडिकलपर्यंत चालवत नाही. ती डोळे मिटून ऐकायची आणि मी "हं" केलं की हसायची. म्हणायची, "अगदी वसंता. मेल्या, तू त्याला गिळलायस." गुरुजींची नक्कल केली म्हणून शाळेत मार खाल्ला, पण बाबांची नक्कल हे आमच्या घरात काम होतं. मला त्यांचा चेहरा वर्षातून एकदा दिसायचा. आवाज मात्र माझ्या खिशात होता.

तर दहावी संपली आणि मी कायमचा दिल्लीला आलो. तेव्हा आम्ही हिंदूराव हॉस्पिटलजवळ भाड्याने राहायचो, रिजच्या टेकडीच्या उतारावर. बाबा येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे, की हिंदूराव म्हणजे आपलाच माणूस, ग्वाल्हेरहून आला, म्हणजे आपण इथे भाडेकरू नाही, वारस आहोत. हा त्यांचा विनोद फोनवर मी ऐकला होता. स्टेशनवर त्यांनी तो मला पुन्हा सांगितला, तेव्हा मला वाटलं, सर्दी झालीय. आवाज बसलेला होता. "हं" होतं, पण ते संपत नव्हतं. हं, हं, हं, आणि मग खरखर.

आठवड्याने कळलं, स्वरयंत्रात गाठ आहे. आणखी आठवड्याने कळलं, ते काढायचं. गाठ नाही, सगळं यंत्रच. आईने मला हे पोळ्या लाटताना सांगितलं, माझ्याकडे न बघता. जूनच्या मध्यावर तारीख मिळाली होती, आणि तोवर डॉक्टरांनी बोलायला मनाई केली होती. मी हिशेब केला. दहा वर्षं फोनवर काढली, आता समोरासमोर बोलायला आलो, तर जेमतेम सहा आठवडे, आणि तेही गप्प राहून.

मी काय केलं? विनोद केले. मला दुसरं काही येत नव्हतं.

मेच्या सुरुवातीला अशीच आंधी आली. बाबा खिडकीपाशी बसून खिडकीच्या कठड्यावर साचलेल्या वाळूत बोटाने रेघा मारत होते. मग त्यांनी कागद घेतला आणि लिहिलं, की ही दर वर्षी आपल्याकडे येते, एकदा आपण तिच्याकडे जायला हवं की नको? परतभेट. आई म्हणाली, अहो, मेमध्ये कोणी वाळवंटात जातं का. बाबांनी खाली लिहिलं, जूनमध्ये मी बिझी आहे.

ऑफिसच्या ड्रायव्हरकडून ते नुकतेच गाडी शिकले होते. गाडीही नुकतीच घेतलेली, सेकंडहँड, पांढरी, एसी नसलेली. त्या वर्षांत दिल्लीत सगळेच काही ना काही नवीन घेत होते. रंगीत टीव्ही, फ्रिज, गाडी, हप्ता, आणि जमीन दिसेल तिथे फ्लॅट. आम्ही काचांना ओले टॉवेल लावले, पुढच्या सीटखाली सुरई ठेवली, मागे माझ्याशेजारी चिवड्याचा डबा आणि टेपरेकॉर्डर.

टेपरेकॉर्डरचं सांगायला हवं. आत्याला वाचता येत नसल्याने आमच्याकडे पत्र पाठवायची पद्धत नव्हती, कॅसेट पाठवायची होती. दिवाळी झाली, की एक कॅसेट. गणपती झाले, की एक. आई फोडणीत काय घातलं ते सांगायची, बाबा दिल्लीची हवा सांगायचे, मधे कुकरची शिट्टी यायची. भरून झाली की बाबा बॉलपेनच्या टोकाने कॅसेटच्या पाठीवरचे दोन प्लॅस्टिकचे तुकडे मोडायचे. मग तिच्यावर कोणी चुकून दुसरं काही भरू शकत नाही. याला ते म्हणायचे, दात पाडणे. चाळीसगावला आत्याच्या फडताळात अशा दात पडलेल्या कॅसेटींची रांग होती.

या प्रवासाचीही कॅसेट जाणार होती. प्रश्न एवढाच, की आत्याला गाठीचं काही सांगितलेलं नव्हतं. तिचं हृदय नाजूक. ऑपरेशन झाल्यावर सांगू, असं ठरलेलं. मग कॅसेटवर बाबांनी बोलायचं कसं? मी मागच्या सीटवरून म्हणालो, "हं. नमस्कार आक्का, मी वसंता बोलतोय, वाळवंटातून बोलतोय." बाबांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. आईने तोंडाला पदर लावला. मग बाबांनी एक हॉर्न दिला.

हॉर्नची भाषा आम्ही धौलाकुआँ ओलांडायच्या आत बसवली होती. एक हॉर्न म्हणजे हो. दोन म्हणजे नाही. एक लांबलचक म्हणजे सुध्या, गप्प बस.

पहिलं प्रेक्षणीय स्थळ आम्हाला गुडगावातच लागलं. तेव्हा इथे मोहरीची शेतं होती आणि शेताच्या मधोमध बोर्ड, 'यहाँ बनेगा'. काय बनेगा, ते चित्रात होतं, कारंज्यासकट. अशा एका शेतात एकटा एक सॅम्पल फ्लॅट उभा होता. इमारत नाही, नुसता एक फ्लॅट, जमिनीवर ठेवलेला. आत प्लॅस्टिकची सफरचंदं, वायर नसलेला टीव्ही, पलंगावर चादर आणि चादरीखाली गादीऐवजी लाकडाची फळी. टाय लावलेला पोरगा आम्हाला स्वयंपाकघर दाखवत होता, नळ फिरवू नका म्हणत होता. हॉलमध्ये एका तिपाईवर फोन होता. बाबा त्याच्याकडे गेले. सवयच ती. रिसीव्हर उचलला, कानाला लावला आणि बराच वेळ ऐकत राहिले. तो फोन कशालाच जोडलेला नव्हता. मग त्यांनी रिसीव्हर माझ्यापुढे धरला आणि मी म्हणालो, "नमस्कार, गेस्ट हाऊस, बोला." टायवाला पोरगा हसला. बाबाही हसले, पण त्यांच्या हसण्याला तेव्हा आवाज राहिला नव्हता, नुसते खांदे हलायचे.

आज मी राहतो ती सोसायटी तिथून हाकेच्या अंतरावर आहे. नळ आता फिरतात. काच तेवढी लागत नाही.

जयपूरच्या रस्त्याला एका ढाब्याच्या गच्चीवर सिमेंटचं विमान होतं. त्यात बसून पराठे खायचे. वेटर पायलटची टोपी घालून यायचा आणि विचारायचा, "लेंडिंग से पहले रायता लेंगे?" मी तो लगेच उचलला आणि नागौरपर्यंत आईला रायता विचारत राहिलो. पुढे एका कडुलिंबाखाली अकरा फूट मिशीचा माणूस बसला होता. मिशी त्याने कानाभोवती गुंडाळून ठेवली होती, फोटो काढायचा तर सोडायचा. आईने त्याला विचारलं, की जेवता कसं. तो म्हणाला, बहनजी, कमी. मी तोही टेपवर घेतला, बाबांच्या आवाजात त्याचं वर्णनही भरलं, "आक्का, या माणसाला दाढी करायला सुट्टी घ्यावी लागत असेल." फार खूश होतो मी. बाबा जे बोलले असते ते सगळं मी बोलत होतो. त्यांच्यापेक्षा जास्त बोलत होतो. कधी कधी ते तोंड उघडायचे, आणि तोवर माझं वाक्य संपलेलं असायचं.

हे मला तेव्हा दिसलं नाही असं म्हणता येणार नाही. आरशात दिसत होतं, ड्रायव्हरच्या आरशात. त्यांचं तोंड उघडायचं आणि मिटायचं. मी मागच्या सीटवर मधोमध बसलो होतो.

नागौरच्या पुढे रस्त्यालगत एक खेजडीचं झाड होतं, पानांपेक्षा स्टिअरिंगं जास्त. ट्रकची, बसची, जीपची, मोडकी स्टिअरिंगं फांद्यांना टांगलेली, त्यांना लाल दोरे, खाली नारळाची टरफलं. ट्रकवाले तिथून जाताना तीन हॉर्न देऊन जातात. झाडाखाली बसलेल्या म्हातारीने आईला सांगितलं, की इथे हॉर्न वाजवला की तुझा माणूस बोलत घरी येतो. बोलत म्हणजे जिवंत, असं तिला म्हणायचं असणार. आईने गाडीत येऊन एवढंच सांगितलं, अहो, वाजवा. बाबांनी हात ठेवला आणि उचललाच नाही. तो हॉर्न वाजतच राहिला. हो नाही, नाही नाही, गप्प बसही नाही. मागून येणाऱ्या एका ट्रकने उत्तर दिलं, मग दुसऱ्याने, मग समोरून एका बसने. आम्ही तिघं त्या पांढऱ्या तापलेल्या डब्यात बसून होतो आणि चारी बाजूंनी हॉर्न वाजत होते. शेवटी बाबांनी हात काढला तेव्हा मला विनोद सुचला नाही. पूर्ण प्रवासात तेवढाच वेळ.

आणि मग बोलती बावडी. तिचे बोर्ड आदल्या दिवसापासून दिसत होते. 'बोलती बावडी ९० कि.मी.' 'बोलती बावडी ४० कि.मी., ठंडा पानी.' 'बोलती बावडी १२ कि.मी., झूठ मत बोलना.' मी प्रत्येक बोर्ड वेगळ्या आवाजात वाचत होतो. प्रत्यक्षात ती एक पायऱ्यांची जुनी विहीर होती, तळाशी हिरवं पाणी, कडेला शिट्टी घेतलेला राखणदार. तो लोकांना सांगायचा, इथे उभे राहा, खाली तोंड करा, एकदा बोला, विहीर तीनदा बोलेल. लोक आपापली नावं ओरडत होते. विहीर नावं परत देत होती, थोडी ओली करून.

आई सुरई भरायला गेली होती. मी टेप चालू करून कठड्यावर ठेवला आणि माझी पाळी म्हणून पुढे झालो. बाबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवून मला बाजूला केलं. जोरात नाही. वाकले. घसा साफ केला. आणि हाक मारली,

"वसंता."

स्वतःलाच. आत्या संध्याकाळी त्यांना खेळातून घरी बोलवायची तशी, शेवटचा 'ता' लांबवून. पण आवाज कसा होता ते मी लिहू शकत नाही, मी काढूही शकत नाही. फाटलेला नव्हता नुसता. आत कुठेतरी माणूस होता आणि त्याच्यावर रेती टाकल्यासारखं काहीतरी होतं, आणि तो तिच्याखालून हाक मारत होता. विहीर म्हणाली, वसंता. वसंता. वसंता. तिनेही तसंच, फाटकं परत दिलं. बाबा ऐकत राहिले. मग टेपकडे वाकून म्हणाले, "आक्का, घसा गेला गं माझा. जूनमध्ये कापणार आहेत. घाबरू नको."

झालं. तेवढंच. सरळ उभे राहिले, खिशातलं बॉलपेन काढलं आणि कॅसेट काढून दात पाडायला घेतले. मी म्हणालो, "बाबा, थांबा ना, अजून खूप जागा आहे."

ते थांबले. पेन खिशात गेलं.

संध्याकाळी फलोदीच्या लॉजवर, अजून उजेड होता, आम्ही कॅसेट मागे नेऊन ऐकली. विमान झालं, मिशी झाली, माझे 'बाबा' खणखणीत बोलत होते. मग विहीर आली. बाबांनी तो आवाज पहिल्यांदाच बाहेरून ऐकला. मला त्यांचा चेहरा आठवतो. राँग नंबर लागला की माणूस रिसीव्हरकडे बघतो, तसे ते टेपरेकॉर्डरकडे बघत होते. आई म्हणाली, राहू दे तसंच, त्यांनी सांगितलंय तर राहू दे. मी म्हणालो, आत्या घाबरेल. तिचं हार्ट. आणि आधीचा आवाज बघ, मग एकदम हा, कळेल ना तिला, की आधीचे बाबा म्हणजे मी. खरं कारण हे शेवटचं होतं. माझी नक्कल उघडी पडली असती.

मी बाबांकडे पाहिलं. त्यांनी पंजा वर केला, इतकासा, आणि खाली ठेवला. एक हॉर्न म्हणजे हो, दोन म्हणजे नाही. हात वर करण्याचं काही ठरलंच नव्हतं. मी त्याला हो समजलो.

लाल बटण दाबून मी विहीर पुसली आणि तिथे नवीन भरली. "हं. नमस्कार आक्का, ही बोलती बावडी बरं का, इथे आपण जे बोलू ते परत मिळतं." मग तीन प्रतिध्वनी हवे होते, तर बाथरूममधली बादली आणली, त्यात डोकं घातलं आणि "वसंता, वसंता, वसंता" असं हळू हळू कमी करत नेलं. झकास झालं. लॉजचा मॅनेजर दारातून बघून हसला. बाबांचे खांदे हलले. मी समजलो हसतायत. आज मला खात्री नाही.

कॅसेट चाळीसगावला गेली. जूनमध्ये ऑपरेशन झालं.

त्यानंतर बाबा नऊ वर्षं जगले. गळ्याला भोक, त्यावर पातळ फडक्याचा रुमाल, श्वासाला बारीक शिट्टी. ऑफिसने त्यांना आवक-जावक टेबलावर बसवलं. घरी ते टेबलावर टकटक करायचे, एकदा हो, दोनदा नाही. फोन वाजला की सगळ्यांच्या आधी पोचायचे, उचलायचे, ऐकायचे, आणि मग आमच्यापैकी कोणी येईपर्यंत तसेच धरून उभे राहायचे. पलीकडचा माणूस हॅलो हॅलो करत राहायचा.

पण सांगायचं ते वेगळं आहे. ऑपरेशनची बातमी कळली तशी आत्या गल्लीतल्या एकाला सोबत घेऊन रेल्वेने दिल्लीला आली. थैलीत ती कॅसेट. हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये, सगळ्यांदेखत, ती आईला म्हणाली, "महिन्यापूर्वी माझा भाऊ खणखणीत बोलत होता. माझ्याकडे आवाज आहे त्याचा. असला आवाज असलेल्या माणसाचा गळा कापायला दिलास कसा तू?"

आईने माझ्याकडे पाहिलं. मी माझ्या सँडलकडे पाहिलं. आतल्या पलंगावर बाबांनी पाटी मागवून तिच्यावर लिहिलं, की हिचं काही चुकलं नाही, पण आत्याला ते दिसणार नव्हतं. मी वाचून दाखवलं. आत्या म्हणाली, "तू काय, तू काहीही बोलशील."

त्या दिवसापासून आत्या आईशी बोललेली नाही. बाबा गेले तेव्हाही नाही. मी नंतर एकदा आईला विचारलं, तेव्हाच का नाही सांगितलंस? ती भाजी निवडत होती. म्हणाली, तू सोळा वर्षांचा होतास, सांगितलं असतं तर तू परत कधी तोंड उघडलं नसतंस, आणि घरात एक गप्प झालेला पुरे होता. म्हणजे माझं बोलणं तिने वाचवलं. त्याचं मी पुढे काय केलं, तर मेरठच्या मनोजचा मार्क.

मागच्या आठवड्यात चाळीसगावचा एक मुलगा परीक्षेसाठी दिल्लीला आला आणि ताऊकडे एक पुडकं देऊन गेला. आत ती कॅसेट. दोन्ही दात पाडलेले, पेनने नाही, आत्याच्या केसांच्या आकड्याने, कडा ओबडधोबड. सोबत त्या मुलाच्या हातची चिठ्ठी, आत्याने सांगितलेली. दर रविवारी लावून लावून कॅसेट झिजली आहे. वसंताचा आवाज फार बारीक येतो, विहीर तर येतच नाही. तू आवाजाच्या कंपनीत आहेस. नवीन भरून पाठव. माझे फार दिवस नाहीत.

एक कोरी कॅसेट शोधायला मला तीन बाजार फिरावे लागले. टेपरेकॉर्डर माळ्यावर होताच.

काल आंधी आली, वीज गेली, घर पिवळं झालं. वाळू पुसण्यात अर्थ नव्हता, ती अजून येतच होती. मी सेल घातले. आधी जुनी ऐकली. खरंच बारीक झालाय तो आवाज. विमान, मिशी, विहीर, सगळं लांबून येतं. मी त्यात मला शोधत होतो. सोळा वर्षांचा, बादलीत डोकं घातलेला. सापडलो नाही. बाबाच बोलत होते. विहिरीच्या जागी मी कान लावला, की खालून काही राहिलं असेल, पुसताना एखादं अक्षर सुटलं असेल. तीनदा मागे नेऊन ऐकलं. फक्त खरखर, आणि तीही झिजलेल्या कॅसेटची.

मग कोरी घातली. आई समोर बसली होती, हातात फडकं. ती म्हणाली, "यावेळी खरं भर. बाबा काय म्हणाले होते ते सांग तिला. तू केलंस ते सांग. मला एकदा माझ्या नणंदेशी बोलायचंय, सुध्या."

मी म्हणालो, हो. हळू का होईना, सरळ सांगायचं, माझ्या आवाजात. आत्या, मी सुधीर. एवढं वाक्य तयार होतं. बटण दाबलं. लाल दिवा लागला, चाकं फिरायला लागली. बाहेर काचेवर वाळू आपटत होती. मी तोंड उघडलं आणि मला कळलं, की माझा आवाज कसा आहे ते मला आठवत नाही. मी ताऊला जागेवर ठेवलं, मॅनेजरला ठेवलं, मार्कला ठेवलं, रायतावाल्या पायलटला ठेवलं, आणि त्या सगळ्यांच्या खाली हात घालून चाचपडलं. दात करकरत होते. पलीकडे चाळीसगावला एक म्हातारी डोळे मिटून बसलेली मला दिसत होती. घसा हळूच साफ झाला.

"हं. नमस्कार आक्का, मी वसंता बोलतोय."

खणखणीत. बिल्कुल सेम टू सेम.

आई उठली आणि टीव्हीवरची वाळू पुसायला लागली. मी बोलत होतो. विमान झालं, मिशी झाली, कुठेही अडलो नाही. विहिरीपाशी आलो तसा क्षणभर थांबलो.

तेव्हा माझ्याकडे पाठ करूनच ती म्हणाली, "बादली बाथरूममध्ये आहे."